सण संताचा, सोय कोणाची?

पाऊस ओसरू लागला की ग्रामीण धर्मग्रामांतून सणाच्या निमंत्रणपत्रिका आमच्या टेबलावर येऊ लागतात. वर आश्रयदात्या संताचे चित्र, खाली नोव्हेनाचे नऊ दिवस, प्रत्येक दिवसाचे प्रवचनकार, सणाच्या मिस्सेचे प्रमुख याजक आणि शेवटी ‘मिस्सेनंतर प्रीतिभोजन’. पत्रिकेचा साचा वर्षानुवर्षे तोच आहे आणि त्यात वाईट काही नाही. ज्या गावात ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याएवढी असतात, तेथे ही पत्रिका म्हणजे ‘आम्ही येथे आहोत’ असे वर्षातून एकदा सांगणारा कागद असतो. तथापि गेली काही वर्षे या पत्रिका वाचताना एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. सण संताचा, हे खरे. परंतु त्याचा दिवस, त्याची वेळ, त्याचा खर्च आणि त्याचे व्यासपीठ या गोष्टी कोणाच्या सोयीने ठरतात?

हा प्रश्न शहरातल्या मोठ्या चर्चच्या बाबतीत फारसा टोचत नाही. तेथे माणसे पुष्कळ, मिस्सा अनेक आणि रविवारची सुटी ठरलेली. लहान गावातल्या आपल्या माणसांच्या बाबतीत मात्र सणाची वेळ चुकली की निम्मी घरे सणाबाहेर राहतात. म्हणून या विवेचनासाठी आम्ही बारामती-इंदापूर पट्टा, आणि त्यातही लासुर्ण्याचा परिसर, डोळ्यांसमोर ठेवला आहे.

लासुर्ण्याची वाट

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की सणसर आणि बेलवाडी मागे टाकल्यावर लासुर्णे लागते. पुढे अंथुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. सणसरचा मुक्काम आटोपून बेलवाडीला गोल रिंगण होते आणि लासुर्ण्यावरून पालखी अंथुर्ण्याच्या मुक्कामी पोहोचते. त्या दिवशी रस्त्याकडेच्या गावांत घराघरांतून भाकऱ्या निघतात. जेवणाऱ्याला कोणी त्याचे गाव विचारीत नाही, आणि दिंड्यांचा क्रम पैशाने ठरत नाही, परंपरेने ठरतो. आपले ख्रिस्ती बांधव याच रस्त्यावर राहतात आणि हे दरवर्षी पाहतात. सण सर्वांचा कसा होतो, याचा धडा शिकायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही.

या मुलखाचे दैनंदिन जीवन पाण्यावर आणि उसावर उभे आहे. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि एके काळच्या कोरड्या, अवर्षणग्रस्त प्रदेशात बागायत आली. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे भवानीनगरला सहकारी साखर कारखाना झाला. तेव्हापासून येथील माणसाचा दिवस कालव्याच्या आवर्तनाने आणि कारखान्याच्या पाळीने बांधला गेला. ज्याच्या शेताला पाणी रात्री दोन वाजता मिळते, त्याला रात्री दोन वाजता बांधावर उभे राहावे लागते, मग दुसरा दिवस सणाचा असो वा नसो. आपली माणसे याच व्यवस्थेत जगतात. कोणाची थोडी शेती आहे, कोणी दुसऱ्याच्या शेतात राबतो, कोणी बारामती वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. तरुण पिढीतील अनेकांनी पोटासाठी भोसरी-चिंचवड गाठले आहे.

अशा समाजात धर्मग्रामाचा सण हा एकमेव दिवस असतो, जेव्हा विखुरलेली कुटुंबे एका वेदीभोवती येऊ शकतात. म्हणूनच तो दिवस ठरविताना घाई करता कामा नये.

नाव एका संताचे, गर्दी दुसऱ्याची

चर्चला नाव देणे ही ख्रिस्तसभेच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार प्रत्येक चर्चला स्वतःचे नाव असले पाहिजे, आणि चर्चचे समर्पण झाल्यावर ते बदलता येत नाही. त्या नावाचा सण त्या चर्चपुरता महोत्सवाच्या दर्जाचा मानला जातो. त्या दिवशी साऱ्या जगात एखादी साधी स्मृती असेल, पण त्या गावात मात्र ‘ग्लोरिया’ आणि ‘श्रद्धांगीकार’ म्हटला जातो. एवढा मान उपासनाविधीने गावाला दिलेला आहे.

परंतु नावे कशी पडली, हे पाहिले म्हणजे मौज वाटते. पुण्यातील क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च १७९२ चे. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्या लष्करातील गोमंतकीय कॅथलिकांसाठी ते उभे राहिले आणि अमलोद्भव मातेला वाहिले गेले. आपले कॅथीड्रल १८५० चे. ते इंग्रजी पलटणींतील आयरिश शिपायांसाठी बांधले गेले आणि म्हणून त्याचे आश्रयदाते झाले संत पॅट्रिक. शिपाई आपल्या गावचा संत पाठीवर घेऊन आले आणि येथे ठेवून गेले. १८८६ मध्ये धर्मप्रांत स्थापन झाला, आणि आज मराठी बोलणारे हजारो श्रद्धावंत एका आयरिश संताच्या छायेखाली आहेत.

हा संत परका वाटतो का? त्याचे चरित्र न सांगितल्यास वाटेल. पण सोळा वर्षांचा असताना चाचांनी पळवून नेलेला, परमुलखात सहा वर्षे मेंढरे राखणारा, थंडीवाऱ्यात माळावर प्रार्थना करायला शिकलेला तरुण, अशी पॅट्रिकची ओळख करून दिली तर इंदापूर-बारामतीच्या माळावर मेंढपाळांचे तळ पाहिलेल्या माणसाला तो लगेच जवळचा वाटेल. बोध एवढाच की संताचे नाव फलकावर असून भागत नाही, त्याचे जगणे लोकांच्या जगण्याशी जोडून द्यावे लागते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिक धर्मप्रांतात, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला आहे. १९८७ पूर्वी तो भाग पुणे धर्मप्रांतातच होता. हरेगावही उसाचेच गाव. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याने ते नावारूपाला आणले. तेथील चर्च संत तेरेजाचे आहे. फ्रान्समधील मठात चोविसाव्या वर्षी देह ठेवलेली, १९२५ मध्ये संतपदाला पोहोचलेली आणि १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित झालेली ही तरुण धर्मभगिनी. तिचा सण १ ऑक्टोबरला. पण हरेगावचे नाव महाराष्ट्रभर झाले ते तेरेजामुळे नव्हे. १९४९ मध्ये येशूसंघीय फादर बाडर यांनी तेथे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाची यात्रा सुरू केली. लोकांनी तिला ‘मतमाउलीची यात्रा’ म्हटले आणि २०२३ मध्ये तिने पंच्याहत्तरी गाठली. चर्चचे नाव तेरेजाचे राहिले, माणसांचे पाय मात्र माउलीकडे वळले. पायी येणारे, बैलगाडीने येणारे, पुढे ट्रॅक्टर आणि टेम्पोने येणारे, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ.

असे का झाले असावे? एक कारण शब्दात आहे. ‘माउली’ हा शब्द मराठी भक्ताच्या ओठी आधीपासून होता, ज्ञानोबांना तो माउलीच म्हणत आला. मरियेला त्या शब्दाने हाक मारता आली आणि अंतर मिटले. दुसरे कारण आम्हांला तारखेत दिसते. मरियेचा जन्मोत्सव ८ सप्टेंबरचा आणि यात्रा त्या सुमारास भरते. पावसाचा जोर कमी झालेला, पेरण्या केव्हाच उरकलेल्या आणि साखर कारखान्यांचे बॉयलर अजून पेटायचे असलेले, असे ते दिवस. फादर बाडर यांनी हा हिशेब मांडला होता की नाही, हे महत्त्वाचे नाही. राबणाऱ्या माणसाला मोकळीक असण्याचे दिवस आणि सणाचे दिवस तेथे जुळून आले.

दोन पंचांगे

म्हणून मुद्दा असा की ग्रामीण धर्मग्रामाला दोन पंचांगे पाहावी लागतात. एक उपासनावर्षाचे, दुसरे उसाचे.

राज्यातील ऊसगाळप साधारणतः नोव्हेंबरात सुरू होते. २०२४ मध्ये ते १५ नोव्हेंबरपासून आणि २०२५ मध्ये १ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे शासनाने ठरविले होते. मार्च-एप्रिलपर्यंत फड पेटलेला असतो. या काळात कारखान्यात तिन्ही पाळ्या चालतात, वाहनचालक दिवसरात्र रस्त्यावर असतात, आणि तोड आली की शेतमालकालाही घर सोडता येत नाही. आता उपासनेचे पंचांग उघडू या. संत थॉमस ३ जुलै, संत इग्नेशियस ३१ जुलै, स्वर्गोन्नयन १५ ऑगस्ट, मरियाजन्म ८ सप्टेंबर, संत तेरेजा १ ऑक्टोबर, जपमाळेची राणी ७ ऑक्टोबर, हे सण हंगामापूर्वी येतात. ख्रिस्तराजाचा सण, संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर, अमलोद्भव माता ८ डिसेंबर, संत योसेफ १९ मार्च, हे ऐन हंगामात. ज्या धर्मग्रामाच्या वाट्याला दुसऱ्या यादीतील आश्रयदाता आला आहे, त्याने अधिक विचार केला पाहिजे.

नियम काय सांगतात? १९६९ मध्ये संत पोप सहावे पॉल यांनी उपासनावर्षासंबंधीचे जे सर्वसाधारण नियम लागू केले, त्यांत अशी मुभा आहे की सामान्य काळात आठवड्याच्या मधल्या दिवशी येणारा आणि लोकांच्या प्रेमाचा असा सण श्रद्धावंतांच्या हितासाठी रविवारी साजरा करता येतो. आगमनकाल, प्रायश्चित्तकाल आणि पास्काकाल यांच्या रविवारांना मात्र ही मुभा नाही, कारण ते रविवार ख्रिस्ताच्या रहस्याचे आहेत आणि संत कितीही लाडका असला तरी त्याने आपल्या प्रभूची जागा घ्यायची नसते. २०२४ मध्ये ८ डिसेंबर आगमनकालातील रविवारी आला, तेव्हा अमलोद्भव मातेचा सण सोमवारी ९ तारखेला करावा लागला, हे वाचकांना आठवत असेल. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात हाच क्रम स्पष्ट केला आहे. संतांचे सण ख्रिस्ताने आपल्या सेवकांत केलेली अद्भुत कृत्ये गातात. ते ख्रिस्ताच्या सणांवर मात करण्यासाठी नाहीत.

मग ३ डिसेंबर वा १९ मार्चच्या धर्मग्रामाने काय करावे? दिवस हलविता येत नसेल तर वेळ हलविता येते. सकाळी दहाची मिस्सा ही पाहुण्या धर्मगुरूंच्या आणि शहरातून येणाऱ्या नातलगांच्या सोयीची असते. गावच्या मजुराला ती एक दिवसाच्या रोजाची पडते. तीच मिस्सा संध्याकाळी सातला ठेवली तर दिवसपाळीचा कामगार आणि शेतमजूर बाई दोघेही येऊ शकतात. संत योसेफाच्या नावाच्या धर्मग्रामांना आणखी एक दार उघडे आहे. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस ‘कामकरी संत योसेफ’ म्हणून दिला. त्या दिवशी आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुटी असते आणि तोवर गाळपही आटोपलेले असते. १९ मार्चची मिस्सा साधेपणाने करून मे महिन्याच्या पहिल्या दिवशी सारा समाज एकत्र आणता येईल.

हंगामात आणखी एक वस्ती आपल्या शेजारी उभी राहते. बीड आणि मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या खोप्या. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजले जातात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्यांना रविवार नसतो. त्यांत कोणी ख्रिस्ती असेल, कोणी नसेल, याने काही बिघडत नाही. सणाच्या प्रीतिभोजनाची एक पातेली त्या खोप्यांपर्यंत गेली, त्या मुलांच्या अंगावर थंडीचे कपडे चढले, तर संताला त्याहून अधिक योग्य हार कोणता?

वर्गणीची वही

आता थोडे आमच्याविषयी, कारण हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथी मारू इच्छित नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यातील धर्मग्रामाची जबाबदारी आमच्याकडे होती. सणाच्या मिस्सेनंतर देणगीदारांची नावे रकमेसह वाचून दाखविण्याची प्रथा आम्हीच तेथे सुरू केली. हेतू वाईट नव्हता, हिशेब उघड असावा आणि लोकांना उत्तेजन मिळावे, एवढाच होता. पहिल्या वर्षी वर्गणी वाढली आणि आम्ही आमच्याच हुशारीवर खूष झालो. दुसऱ्या वर्षी एक वृद्ध मावशी सणाला दिसल्या नाहीत. नोव्हेनाच्या नऊही दिवशी चर्चचे अंगण झाडणारी ती बाई. चौकशी केली तेव्हा त्यांच्या सुनेने खाली मान घालून सांगितले, “आत्याबाई म्हनत्यात, आपलं नाव वहीत नाही, मंग पंगतीला कशाला जायचं?”

त्या दिवसापासून आम्ही यादी वाचणे बंद केले. पण ती मावशी पुन्हा पंगतीला बसलेली आम्हांला पाहायला मिळाली नाही. थोड्याच दिवसांत आमची बदली झाली. संत पौलाने करिंथकरांना याच कारणासाठी फटकारले होते. प्रभुभोजनाला जमता आणि एक भुकेला राहतो, दुसरा तृप्त होतो, हे कसले प्रभुभोजन, असा त्याचा सवाल होता. संत याकोबानेही सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी केली आहे. ही वचने आम्ही सेमिनरीत अभ्यासली होती. वर्गणीची वही हातात घेतली तेव्हा ती आठवली नाहीत.

आज वहीची जागा फ्लेक्सने घेतली आहे. आश्रयदात्या संताचे चित्र मधोमध आणि सभोवती देणगीदारांचे, समितीच्या सभासदांचे, कधी कधी पुढाऱ्यांचेही चेहरे. काही फलकांवर तर संत शोधावा लागतो. २००१ च्या डिसेंबरात रोममधून लोकभक्तीविषयी जी मार्गदर्शिका निघाली, तिच्यात हा धोका ओळखलेला आहे. संताच्या सणातून त्याचा ख्रिस्ती आशय निघून गेला, म्हणजे ख्रिस्ताच्या एका अवयवाच्या ठायी ख्रिस्ताचाच होणारा गौरव निघून गेला, तर उरते ते एक सामाजिक संमेलन. संमेलन वाईट नसते. पण त्यासाठी नोव्हेना करावी लागत नाही.

मिरवणूक आणि शेजारी

सणाची मिरवणूक ही गावाच्या रस्त्यावरून जाते, म्हणून ती केवळ आपली राहत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. हा नियम इतरांनी मोडला की आपण नाके मुरडतो. आपल्या मिरवणुकीपुढे डीजे लावताना मात्र ‘वर्षातून एकच दिवस’ असे म्हणतो. गावात आजारी माणूस असतो, दहावीचा विद्यार्थी असतो. जपमाळ म्हणत, मराठी भक्तिगीते गात, हातात मेणबत्त्या घेऊन चाललेली मिरवणूक शेजाऱ्याला अधिक काही सांगून जाते.

आणि शेजाऱ्याला काही सांगण्याची आज गरज आहे. धर्मांतराविषयीचे वाद देशात वाढले आहेत. अनेक राज्यांनी त्यासंबंधी कडक कायदे केले आहेत, आणि महाराष्ट्रातही २०२५ पासून ही चर्चा शासनदरबारी पोहोचली. अशा वातावरणात लहान गावातील ख्रिस्ती कुटुंबाला आपला सण उघडपणे साजरा करताना मनात धाकधूक वाटू शकते. काही जण म्हणतात, गाजावाजा नको, दारे लावून प्रार्थना करू. आम्हांला हे मान्य नाही. बंद दारामागे काय चालते, याविषयीच संशय जन्म घेतो. दार उघडे असले, सरपंचांपासून शेजारच्या आजींपर्यंत सर्वांना पंगतीचे आमंत्रण असले, चर्चमध्ये काय म्हटले जाते ते मराठीत सर्वांना ऐकू आले, तर अफवेला जागा उरत नाही. हरेगावच्या यात्रेत इतकी वर्षे इतर धर्मांचे भाविक येत राहिले, ते कोणी त्यांना आणले म्हणून नव्हे. ते आपल्या मर्जीने आले आणि आपापल्या धर्मात राहूनच माउलीला नमस्कार करून परतले.

मिरवणुकीत चालण्याची एक वेगळी अडचणही आहे, आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र तो मिळालेला नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये या भेदाविरुद्ध शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला आणि पुढे त्याला मुदतवाढही दिली. ग्रामीण महाराष्ट्रातील आपल्या समाजाचा मोठा भाग याच थरांतून आलेला आहे. त्यामुळे मुलाच्या शिष्यवृत्तीचा वा दाखल्याचा विचार करून एखादा बाप छायाचित्रात येण्याचे टाळतो, मिरवणुकीच्या शेवटी चालतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याची कोंडी कायद्याने केलेली आहे, हे ओळखणे आणि न्यायासाठी त्याच्या बाजूने बोलणे हे धर्मग्रामाचे काम आहे. भारतीय धर्माध्यक्षीय परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेतील भेदभावाचीही कबुली आहे. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध बोलताना आपल्याच पंगतीत कोण कोठे बसतो, हेही पाहावे लागेल.

सणानंतरचा रविवार

सणाचे यश आपण कशावर मोजतो? किती ताटे उठली, किती धर्मगुरू आले, यांवर. आम्ही दुसरे माप सुचवितो. सणानंतरच्या रविवारी मिस्सेला किती माणसे होती?

२०२० चे वर्ष आठवा. कोरोनाच्या साथीत प्रार्थनास्थळे बंद झाली आणि महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली. त्या वर्षी कितीतरी आश्रयदात्या संतांचे सण गर्दीवाचून झाले. मांडव नव्हता, पंगत नव्हती. घराघरांत देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लावून, मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहून लोकांनी सण केला. ते दिवस पुन्हा येऊ नयेत. पण त्या वर्षी एक गोष्ट कळली. ज्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ होत होती, तेथे सण झाला. जेथे सण म्हणजे फक्त मांडव होता, तेथे काहीच झाले नाही.

शहरात गेलेल्या मुलांचा प्रश्नही येथेच येतो. भोसरी-चिंचवडला राहणारा मुलगा सणाला गावी येतो, तेव्हा त्याची लहान मुले मराठी गीतांच्या वेळी गप्प उभी असतात. त्यांचे धर्मशिक्षण इंग्रजीत झालेले असते. आजीची लितानी नातवाला कळत नाही. सणाचे दोन दिवस ही दरी भरून काढण्याची संधी आहे. नोव्हेनाच्या एखाद्या संध्याकाळी प्रवचनाऐवजी गावातील वडीलधाऱ्यांनी सांगावे की येथे पहिली प्रार्थना कोणाच्या अंगणात झाली, कोणत्या मास्तरांनी मुलांना ‘आमच्या बापा’ शिकविले, पहिले फादर सायकलवरून कोठून येत. आश्रयदात्या संताचे चरित्र आणि गावच्या श्रद्धेचे चरित्र ही दोन्ही एकाच बैठकीत सांगितली जावीत. ही आठवण आज वृद्धांच्या तोंडी आहे. ती लिहून घेतली नाही तर दहा-पंधरा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

आम्ही सर्व धर्मग्राम परिषदांसमोर नम्रपणे चार सूचना ठेवतो. पहिली, सणाची वेळ ठरविण्यापूर्वी सर्वांत कमी मोकळीक असलेल्या कुटुंबाला विचारावे, आणि त्याला जमेल ती वेळ धरावी. दुसरी, हिशेब चर्चच्या दारावर लावावा, मात्र देणगीदारांची नावे वाचू नयेत आणि फलकावर संताखेरीज कोणाचे चित्र असू नये. तिसरी, जमलेल्या वर्गणीचा ठरावीक हिस्सा मांडवावर खर्च होण्याआधीच गावातील आजारी, विधवा आणि हंगामी मजुरांसाठी बाजूला काढावा. चौथी, सणानंतरच्या आठवड्यात, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी धर्मगुरूंनी आणि समितीने प्रसादाची पुडी घेऊन जावे.

चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत अवघड. कारण त्या घरांची यादी कोणत्याही वहीत नसते. ती करण्यासाठी कोण आले नाही, हे आधी लक्षात यावे लागते. आम्हांला एका मावशींच्या बाबतीत ते लक्षात यायला एक वर्ष लागले होते.

यंदा ज्या ज्या धर्मग्रामांत नोव्हेना सुरू होत आहे, तेथील धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि श्रद्धावंतांना आमच्या शुभेच्छा. आपले आश्रयदाते संत आपणां सर्वांसाठी, आणि विशेषतः त्या दिवशी कामावर असलेल्यांसाठी, प्रभूजवळ विनंती करोत.